रोशा गवत: यवतमाळच्या बरडावरचा सुगंध; ओळख, कापणीची वेळ, तेल आणि ग्रामसभेचा हक्क

यवतमाळ : पोळा झाला, पाऊस ओसरायला लागला की जिल्ह्यातल्या मुरमाड टेकड्यांवर आणि सागाच्या विरळ जंगलात एक उंच गवत तुऱ्यावर येतं. दसरा-दिवाळीपर्यंत त्याचे तुरे तांबूस होतात. तुरा तळहातावर चोळून हुंगला तर गुलाबासारखा गोड वास येतो आणि तो बराच वेळ हाताला राहतो. हेच रोशा गवत. विदर्भात त्याला तिखाडी असंही म्हणतात. कोणी रुसा म्हणतं. संस्कृत ग्रंथांत ते 'रोहिष' या नावानं येतं.

जिथे पऱ्हाटी धड येत नाही, सोयाबीन टाकलं तर बियाण्याचाही पैसा निघत नाही, अशा दगडगोट्यांच्या बरड जमिनीत हे गवत कोणी न पेरता येतं. एकदा ठोंब धरला की वर्षानुवर्षं त्याच जागी फुटत राहतं. त्याच्या तुऱ्यातून निघणारं तेल साबण, अत्तर, अगरबत्ती आणि सौंदर्यप्रसाधनांत लागतं. एकेकाळी वऱ्हाड, खानदेश आणि निमाडच्या जंगलातलं हे तेल मुंबई बंदरातून थेट तुर्कस्तानपर्यंत जात होतं.

आज मात्र बहुतेक गावांत हे गवत एक तर ढोरांच्या पायाखाली जातं, नाही तर उन्हाळ्यात वणव्यात जळतं. गवत फुकट उगवतं हे खरं, पण त्यातून पैसा निघेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. गवत कधी कापलं, भट्टी किती जवळ आहे आणि कापण्या-विकण्याचा हक्क गावाकडे कागदावर आहे का. या तिन्हीची माहिती इथे दिली आहे.

रोशा गवत थोडक्यात

- शास्त्रीय नाव : सिम्बोपोगॉन मार्टिनी
- कुळ : गवताचं. गवती चहा आणि सिट्रोनेला ही याची जवळची भावंडं
- प्रकार : बहुवर्षायू, ठोंब करून वाढणारं
- उंची : साधारण ५ ते ८ फूट
- जागा : मुरमाड, उताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन
- फुलोरा : सप्टेंबर ते नोव्हेंबर
- मुख्य घटक : जेरॅनिऑल. गुलाबाच्या सुगंधातही हाच घटक असतो
- उपयोग : सुगंधी तेल, साबण, अत्तर, डास पळवणारी उत्पादनं, छपरासाठी गवत

ओळखायचं कसं?

रानात कुसळी, पवन्या, मारवेल अशी कितीतरी गवतं एकाच माळावर असतात. त्यातून रोशा ओळखायला चार खुणा पुरतात.

पहिली खूण वास. पान किंवा तुरा चोळल्यावर वास यायलाच हवा. गवती चहाला लिंबासारखा वास येतो, रोशाला गुलाबाकडे झुकणारा गोड वास येतो.

दुसरी खूण पानाचा बुडखा. रोशाचं पान जिथे दांड्याला जोडलेलं असतं तिथे ते गोलसर, बदामाच्या आकाराचं असतं आणि दांड्याला मिठी मारल्यासारखं दिसतं. गवती चहाचं पान मात्र बुडाकडे निमुळतं होत जातं.

तिसरी खूण तुरा. शेंड्यावर मोठा, फांद्याफांद्यांचा तुरा येतो. त्यात लहान होडीसारख्या आवरणातून जोडी-जोडीनं कणसं बाहेर पडतात. सुरुवातीला हिरवा-पिवळसर असलेला तुरा पिकत आला की तांबूस होतो. दुरून पाहिलं तर अख्खा उतार लालसर दिसतो.

चौथी खूण जागा. रोशाला पाणी साचलेलं चालत नाही. ओलीत, नाल्याच्या काठाला सुगंधी गवत दिसलं तर तो वाळा असू शकतो. वाळ्याचा सुगंध मुळांत असतो, पानांत नाही. रोशाचं याच्या उलट आहे. मुळं उपटून काहीच मिळत नाही, फक्त ठोंब मरतो.

मोतिया आणि सोफिया : एकच गवत, दोन जाती

रोशाच्या दोन जाती आहेत आणि दोघींच्या तेलाच्या भावात मोठा फरक पडतो. म्हणून हा फरक माहीत असणं गरजेचं आहे.

मोतिया जात टेकडीच्या वरच्या, कोरड्या उतारावर येते. तिचे ठोंब एकमेकांपासून सुटे असतात. पानं दांड्यापासून बाहेर पसरलेली असतात. तिच्या तेलात जेरॅनिऑलचं प्रमाण साधारण ७५ ते ९० टक्के असतं. बाजारात 'पामरोजा' म्हणून विकलं जातं ते हेच तेल.

सोफिया जात उताराच्या खाली, जिथे ओल जास्त टिकते तिथे दाट येते. पानं वरच्या बाजूला झुकलेली असतात. तिच्या तेलात जेरॅनिऑल बरंच कमी असतं आणि वासात गुलाबापेक्षा आल्यासारखा उग्रपणा असतो. परदेशी व्यापारात म्हणूनच तिच्या तेलाला 'जिंजरग्रास' हे नाव पडलं.

रानात दोन्ही जवळजवळ असू शकतात. कापणाऱ्यांनी दोन्ही एकत्र भरलं तर अख्ख्या तेलाचा दर्जा खाली येतो. त्यामुळे वरच्या उताराचं गवत आणि खालच्या ओलीतलं गवत वेगळं ठेवलेलं बरं.

नावामागचा इतिहास

शास्त्रीय नावातला 'मार्टिनी' म्हणजे क्लॉड मार्टिन. हा मूळचा फ्रेंच, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होता. लखनौ आणि कोलकात्याच्या ला मार्टिनिअर शाळा त्याच्याच नावाच्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईच्या काळात दक्षिणेत घाटमाथ्यावर त्यानं हे गवत पाहिलं. जनावरं ते आवडीनं खातात आणि त्यांच्या दुधालाही त्याचा वास येतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं बी गोळा करून लखनौला नेलं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यानं या गवताचं वर्णन करताना त्याचं नाव दिलं.

तेल काढण्याचा धंदा मात्र साहेबाच्या नावाचा नाही. खानदेश, निमाड, बैतूल, वऱ्हाड या पट्ट्यात स्थानिक लोक नाल्याकाठी भट्ट्या लावून हे तेल काढत. पावसाळा सरला की भट्टी उभी राहायची आणि नाल्याचं पाणी आटेपर्यंत चालायची. व्यापारी हे तेल मुंबईला नेत. तिथून ते जहाजानं तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात जाई. गुलाबाच्या महागड्या अत्तरात ते मिसळलं जायचं. त्यामुळेच युरोपात या तेलाला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणायचे. तेल होतं इथल्या माळाचं, नाव मिळालं तुर्कस्तानचं.

पुढे कारखान्यांत टर्पेंटाइनपासून जेरॅनिऑल बनवता येऊ लागलं. जंगल कमी झालं, जळणाची लाकडं मिळेनाशी झाली आणि उत्तरेकडे शेतात लागवड सुरू झाली. रानातल्या भट्ट्या एकेक करून थंड होत गेल्या. तरीही नैसर्गिक तेलाला मागणी संपलेली नाही. महाग अत्तरात आणि त्वचेच्या उत्पादनांत अजूनही ते लागतं.

वर्षभराचं चक्र

मृगाचा पाऊस पडला की जुन्या ठोंबातून कोवळे फुटवे येतात. आषाढ-श्रावणात गवत भरभर वाढतं. पोळ्याच्या आसपास पहिले तुरे निघू लागतात. दसरा ते दिवाळी हा फुलोऱ्याचा भर. दिवाळीनंतर बी पिकतं आणि वाऱ्यानं झडतं. संक्रांतीपर्यंत दांडे वाळून पिवळे पडतात. उन्हाळाभर वरचा भाग मेल्यासारखा दिसतो, पण जमिनीतला गड्डा जिवंत असतो.

तेलाच्या दृष्टीनं या सगळ्यातले थोडेच आठवडे कामाचे.

तेल कुठे असतं आणि कधी कापायचं?

रोशात तेल सगळीकडे सारखं नसतं. फुलोऱ्यात सर्वांत जास्त, पानांत त्याखालोखाल आणि दांड्यात जवळजवळ नसल्यासारखं. म्हणून अख्खं गवत मुळापासून कापून भट्टीत भरणं म्हणजे जागा, पाणी आणि जळण वाया घालवणं आहे.

कापणीची योग्य वेळ म्हणजे तुरे पूर्ण उमललेले आहेत आणि बी नुकतंच धरायला लागलंय, ती. त्याआधी कापलं तर तेल कमी आणि जेरॅनिऑलही कमी. बी पूर्ण वाळल्यावर कापलं तर तेलाचा बराच भाग उडून गेलेला असतो. एकाच टेकडीवर उन्हाच्या बाजूचं गवत आधी तयार होतं, सावलीच्या बाजूचं मागून. त्यामुळे सगळा डोंगर एकाच दिवशी न कापता टप्प्याटप्प्यानं कापलेला चांगला.

कापताना या गोष्टी पाळाव्यात:

- दव उडाल्यावर, कोरड्या दिवशी कापावं. पावसात कापलेलं गवत लवकर कुजतं.
- जमिनीपासून किमान वीतभर वर विळा लावावा. गड्डा दुखावला तर पुढच्या वर्षी फुटवा कमी येतो.
- तेलासाठी वरचा तुऱ्याचा आणि पानांचा भाग घ्यावा. खालचा जाड दांडा छपराला, कुडाला किंवा जळणाला ठेवावा.
- दर चार-पाच ठोंबांमागे एक ठोंब न कापता बियाण्यासाठी सोडावा.
- कापलेला माल सावलीत पातळ पसरून एखादा दिवस सुकू द्यावा. ढीग करून ठेवला तर आतून तापतो, कुजतो आणि तेल जातं.

रानातलं गवत किती तेल देतं? चांगल्या वेळी कापलेला फुलोरा असेल तर १०० किलो मालामागे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जाड दांड्यासकट अख्खं गवत भरलं तर त्याहून बरंच कमी. हा हिशेब ध्यानात ठेवला तर भट्टीपासून २०-३० किलोमीटरवरून ट्रॅक्टर भरून गवत नेणं का परवडत नाही हे लगेच कळतं. वाहतुकीचा पैसा ९९ टक्क्यांहून जास्त गवतावर जातो, तेलावर नाही. रोशाच्या धंद्यात भट्टी गवताजवळ हवी, ती या कारणानं.

भट्टी कशी चालते?

तत्त्व सोपं आहे. गवतातून वाफ जाऊ दिली की वाफेसोबत तेल बाहेर पडतं. ही वाफ थंड केली की पाणी आणि तेल एका भांड्यात जमा होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यानं वर तरंगतं आणि वेगळं काढता येतं.

जुन्या भट्टीत गवत आणि पाणी एकाच हंड्यात टाकून खालून जाळ लावत. नळी नाल्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडत. यात पाणी कमी पडलं तर गवत बुडाला लागतं आणि तेलाला करपट वास येतो. हंडा लोखंडी असेल तर गंजामुळे तेल काळपट होतं.

आताच्या भट्टीत वाफ वेगळ्या बॉयलरमध्ये तयार होते. गवत जाळीवर भरलेलं असतं आणि खालून वाफ सोडली जाते. टाकी स्टेनलेस स्टीलची असते. जुन्या भट्टीला एका भरणीला पाच-सहा तास लागत, नव्या भट्टीत दोन ते तीन तासांत काम होतं. तेल स्वच्छ निघतं आणि जळणही कमी लागतं.

५०० किलो चांगला फुलोरा भरला तर एका भरणीतून साधारण दोन ते अडीच किलो तेल मिळतं. तेल निघाल्यावर उरलेलं गवत वाळवून त्याच भट्टीला जळण म्हणून चालतं. त्यामुळे जंगलातलं लाकूड तोडायची गरज कमी होते. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये किंवा शेतात आच्छादन म्हणूनही वापरता येतो.

तेल गाळून, त्यातला पाण्याचा अंश काढून काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात काठोकाठ भरून ठेवावं. ऊन, उष्णता आणि हवा लागली की तेल बिघडतं. साध्या प्लास्टिकच्या डब्यात ते ठेवू नये.

शुद्ध तेल ओळखण्याची साधी परीक्षा

बाजारात मिळणाऱ्या तेलात शेंगदाणा तेल, रॉकेल किंवा टर्पेंटाइन मिसळण्याची खोड जुनी आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून वाळू द्यावा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं आणि कागदावर तेलकट डाग राहत नाही. खाण्याचं तेल मिसळलेलं असेल तर डाग कायम राहतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइनची भेसळ मात्र या परीक्षेत पकडली जात नाही, तिला प्रयोगशाळाच लागते. मोठा व्यवहार असेल तर जेरॅनिऑलचं प्रमाण तपासून घेतल्याशिवाय भाव ठरवू नये. ते प्रमाण कागदावर असेल तर विकणाऱ्याची बाजू मजबूत होते.

घरगुती उपयोग आणि खबरदारी

कंबर, टोंगळे, सांधे दुखत असतील तर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात रोशाचं थोडं तेल मिसळून चोळण्याची जुनी रीत आहे. जेरॅनिऑल डासांना दूर ठेवतं, त्यामुळे डास पळवणाऱ्या उत्पादनांतही हे तेल वापरतात.

पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. हे तेल कधीही पिऊ नये. नुसतं, न मिसळता अंगाला लावू नये. काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी येते, म्हणून आधी हातावर थोडं लावून एक दिवस वाट पाहावी. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सांधा सुजला असेल, ताप असेल तर चोळत बसण्यापेक्षा दवाखाना गाठावा.

ढोरं, वणवा आणि रोशा

कोवळं रोशा गाई-बैल खातात. तुऱ्यावर आलेलं, उग्र वासाचं, कडक झालेलं गवत मात्र ते टाळतात. त्यामुळे चराईचा ताण जास्त असलेल्या माळावर मारवेल, पवन्यासारखी गोड गवतं खाऊन संपतात आणि रोशा शिल्लक राहतं. एखाद्या गायरानावर चाऱ्याची गवतं दिसेनाशी होऊन नुसतं रोशाच माजलं असेल, तर चराई जास्त होतेय असा त्याचा अर्थ निघतो. अशा ठिकाणी काही भाग आळीपाळीनं बंद ठेवला तर चारा परत येऊ शकतो. म्हणजे रोशा सगळीकडे वाढलंच पाहिजे असं नाही. उताराच्या बरडावर रोशा आणि सपाट, मातीच्या भागात चाऱ्याचं गवत, अशी वाटणी गावाच्या हिताची.

वणवा हा दुसरा प्रश्न. वाळलेलं उंच गवत जोरात पेटतं. मोहफुलं वेचायला जमीन साफ करण्यासाठी किंवा तेंदूला चांगली पानं यावीत म्हणून लावलेली आग अशा गवतात शिरली की आवरत नाही. रोशाचा गड्डा आगीतून वाचतो आणि पावसात पुन्हा फुटतो, हे खरं. पण जमिनीवर पडलेलं बी, सागाची-मोहाची रोपं आणि पक्ष्यांची घरटी जळतात. उघडी पडलेली मुरमाड माती पहिल्याच पावसात वाहून जाते. जंगलात आग लावणं हा भारतीय वन कायदा १९२७ नुसार गुन्हाही आहे. वेळेवर कापलेलं रोशा म्हणजे उन्हाळ्यात वणव्याला तेवढं कमी खाद्य. दिवाळीपर्यंत कापणी झाली तर गावाला तेल मिळतं आणि जंगलालाही आडोसा मिळतो.

कापायचा हक्क कोणाचा?

स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरचं किंवा पडीतलं रोशा शेतकऱ्याचंच. गायरान किंवा ई-क्लास जमिनीवरचं असेल तर ग्रामपंचायतीला विचारूनच कापावं. खरा प्रश्न वनजमिनीचा आहे, कारण जिल्ह्यातलं बरंचसं रोशा तिथेच आहे.

वनहक्क कायदा २००६ नुसार, पिढ्यानपिढ्या जंगलावर अवलंबून असलेल्या गावांना परंपरेने गोळा केलेलं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. गौण वनोपज म्हणजे लाकूड सोडून झाडा-झुडपांपासून मिळणारं वनातलं उत्पादन. त्यात तेंदू, मोह, मध, औषधी वनस्पती येतात, तसंच गवतही येतं. २०१२ मध्ये नियमांत सुधारणा झाली. त्यात गावपातळीवर प्रक्रिया करणं आणि वाहतूक करणं हेही विक्रीच्या हक्काचा भाग मानलं गेलं. वाहतुकीचा परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे दिलं गेलं.

यासाठी गावानं काय करायचं?

१. गावात वनहक्क समिती आहे का आणि सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालाय का, हे आधी पाहावं. मंजुरीचं पत्र ग्रामसभेच्या दप्तरात असायला हवं.

२. दावा केलेला नसेल तर सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ख' आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना 'ग' भरून ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागस्तरीय समितीकडे द्यावा. दाव्यात मोह-तेंदूसोबत रोशा गवताचा उल्लेख स्पष्ट करावा. अनेक दाव्यांत गवत लिहायचंच राहून जातं.

३. दावा मंजूर असेल तर कापणीचे नियम ग्रामसभेत ठरवावेत. कोणत्या उतारावर, कोणत्या आठवड्यात, कोण कापणार आणि बियाण्यासाठी किती सोडायचं, हे ठरावात लिहून ठेवावं.

४. व्यापाऱ्याशी करार ग्रामसभेच्या नावानं करावा. एकेका घरानं वेगवेगळा भाव घेतला तर सगळ्यांचंच नुकसान होतं.

जिल्ह्यातल्या मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी भागातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा १९९६ आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियमही लागू आहेत. त्यामुळे गौण वनोपजाबाबत ग्रामसभेचा अधिकार अधिक भक्कम आहे.

टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. तिथे मंजूर हक्क किंवा लेखी परवानगी असल्याशिवाय गवताला विळा लावू नये.

शेतात लागवड करायची असेल तर

लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था (सीमॅप) १९५९ पासून अशा पिकांवर काम करते. तिथे रोशाचे तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी असे सुधारित वाण तयार झाले आहेत. रानातल्या गवतापेक्षा त्यांच्यात तेल जास्त असतं.

लागवडीची मोठी रूपरेषा अशी:

- बी अगदी बारीक असतं. एकरी साधारण १ किलो बी रोपवाटिकेला पुरतं. वाळू किंवा बारीक मातीत मिसळून पेरावं.
- ताजं बी नीट उगवत नाही. साधारण सहा महिने ठेवलेलं बी चांगलं उगवतं. दिवाळीनंतर गोळा केलेलं बी त्यामुळे मे-जूनला बरोबर कामाला येतं.
- मे अखेर ते जूनमध्ये रोपं टाकावीत आणि चार-पाच आठवड्यांनी पाऊस लागल्यावर शेतात लावावीत.
- दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी सुमारे २२ हजार रोपं बसतात.
- पहिले दोन महिने निंदण-डवरण सोडू नये. नंतर गवत स्वतःच जमीन झाकतं.
- पाणी साचू देऊ नये. भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय नसेल तर लागवड करू नये.
- पहिली कापणी लावणीनंतर तीन-चार महिन्यांनी. कोरडवाहूत वर्षाला एक-दोन, ओलिताखाली तीनपर्यंत कापण्या मिळतात. एकदा लावलेलं पीक चार-पाच वर्षं चालतं.

रोही आणि रानडुक्कर वासाच्या गवताला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे जंगलालगतच्या शेतात याचा विचार करायला हरकत नाही. कोवळे फुटवे मात्र काही वेळा खाल्ले जातात.

सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

सुगंधी पिकांच्या नावावर महागडी रोपं विकून नंतर फोन न उचलणारे लोक कमी नाहीत. 'माल आम्हीच घेऊ' या शब्दावर अख्खं शेत लावणं धोक्याचं आहे. लागवडीआधी हे विचारावं:

- सर्वांत जवळची चालू भट्टी किती किलोमीटरवर आहे? हंगामात तिच्यावर नंबर लागेल का?
- खरेदी गवताची आहे की तेलाची? भाव कशावर ठरणार, वजनावर की जेरॅनिऑलवर?
- खरेदीचा करार लेखी आहे का आणि माल उचलला नाही तर काय, हे त्यात लिहिलंय का?
- रोप किंवा बी कोणत्या वाणाचं आहे, त्याची पावती मिळेल का?
- आधी लावलेल्या दोन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटता येईल का?

हिशेबही स्वतः करून पाहावा. समजा एका एकरातून वर्षभरात ८ टन ओला माल निघाला आणि शेकडा ४०० ते ५०० ग्रॅमनं तेल मिळालं, तर ते ३२ ते ४० किलो होतं. त्या दिवसाच्या बाजारभावानं गुणून त्यातून कापणी, वाहतूक आणि भट्टीचं भाडं वजा केलं की हाती काय राहतं ते दिसतं. कोणी एकरी याच्या तिप्पट तेल सांगत असेल तर सावध व्हावं. सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी बोलावं. विद्यापीठाच्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात अशा वनस्पती प्रत्यक्ष पाहायला मिळतात.

ज्यांच्याकडे एक-दोन एकरच जमीन आहे, त्यांनी सगळी पऱ्हाटी मोडून रोशा लावू नये. बरड कोपरा, धुरा, नाल्याकडचा उतार एवढ्यावर सुरुवात करावी.

अंगणात आणि धुऱ्यावर

तेलाचा धंदा करायचा नसला तरी रोशा कामाचं आहे. दगडांनी बांधलेल्या धुऱ्यावर, घराच्या उंचवट्याच्या बाजूला किंवा शाळेच्या आवारातल्या खडकाळ कोपऱ्यात फार काही येत नाही. तिथे दीड-दोन फुटांवर रोशाचे ठोंब लावले तर मुळं माती धरून ठेवतात. पहिला पावसाळा सोडला तर वेगळं पाणी घालावं लागत नाही. जुना ठोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळासकट काढून त्याचे तुकडे करून लावले तरी जगतात. दिवाळीनंतर वीतभर ठेवून कापून टाकावं, म्हणजे उन्हाळ्यात घराजवळ वाळलं गवत राहत नाही आणि आगीचा धोकाही टळतो.

या हंगामात काय करता येईल?

ज्या गावांच्या शिवारात रोशा आहे, त्यांनी यंदा पोळ्यानंतर एकदा टेकडीवर फेरी मारून मोतिया कुठे, सोफिया कुठे आणि साधारण किती ठोंब आहेत याची नोंद करावी. मोबाइलवर फोटो काढून जागेसह जपून ठेवले तरी पुरे. ही नोंद वनहक्काच्या दाव्याला जोडता येते, भट्टीसाठी गट तयार करताना उपयोगी पडते आणि व्यापाऱ्याशी बोलताना गावाच्या हातात आकडा असतो. भट्टी दोन-तीन गावांनी मिळून लावली तरच वर्षभराचा खर्च निघतो, त्यामुळे शेजारच्या ग्रामसभेशी बोलणं कापणीच्या आधीच व्हायला हवं. तुरे लाल झाल्यावर बैठक बोलावली तर तो हंगाम हातचा गेलेला असतो.